आमच्या फॉर्म्युला गाडीच्या पैशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आमचा फॉर्म्युला स्टुडंट संघ. पंचवीसेक मुलं-मुली, पत्र्याची एक शेड, एक टिग वेल्डिंग मशिन आणि दर हंगामाला एक गाडी. शिकत असताना दोन वर्षं संघाची हिशोबाची वही माझ्याकडे होती. नोकरी इथेच लागली, त्यामुळे ती वही अजूनही माझ्याच हातून पुढच्या पोरांकडे जाते. पालक, बागायतदार, बोटवाले, पहिल्या वर्षाची मुलं, गणपतीला आलेले चाकरमानी, सगळे साधारण तेच विचारतात. प्रश्न रास्त आहेत, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

रविवारी टीव्हीवर पळते ती हीच गाडी का?

नाही. ती फॉर्म्युला वन. आमची विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे, १९८१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये सुरू झालेली आणि आता भारतातही होणारी. फॉर्म्युला म्हणजे नियमांची चौकट. चाकं उघडी, आसन एकच, इंजिन ७१० सीसीच्या आत, आणि इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून. गाडी मुलांनीच आखायची, बनवायची आणि चालवायची.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. एकूण १००० गुणांपैकी ३२५ गुण गाडी जागची न हलता ठरतात. आराखड्याला १५०, खर्चाच्या मांडणीला १०० आणि व्यवसाय आराखड्याच्या सादरीकरणाला ७५. परीक्षक एकेका बोल्टची किंमत विचारतात. त्यामुळे वही सांभाळणारा मुलगा किंवा मुलगी आमच्याकडे चालकाइतकीच महत्त्वाची असते.

गेल्या वर्षीची गाडी आहेच की. तीच का नेत नाही?

हंगाम बदलला की गाडीची नवी चौकट, म्हणजे नळ्यांचा सांगाडा, बनवावी लागते, ही स्पर्धेची अटच आहे. इंजिन, गिअरचे भाग, रिम, वायरिंगचं जे जे वाचेल ते आम्ही पुढच्या गाडीत घेतो. जुनी चौकट शेडच्या मागे राहते आणि खारी हवा तिला दोन पावसाळ्यांत खाऊन टाकते. नव्या नळ्यांनाही आम्ही आल्या दिवशीच तेल चोपडतो. कोकणात उघडं लोखंड महिनाभरसुद्धा कोरडं राहत नाही. घाटावरच्या संघांना हा खर्च नाही, आम्हाला आहे.

मग पैसा कमी पडतो तो नेमका कधी?

सप्टेंबर ते नोव्हेंबर. एवढं साधं उत्तर समजायला मला एक अख्खा हंगाम घालवावा लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही उतरतो ती स्पर्धा जानेवारीत असते, कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर. तिथून मागे मोजत या. डिसेंबरात गाडी पळवून बघायची, तर नोव्हेंबरात ती जोडून व्हायला हवी. म्हणजे नळ्या, इंजिनाचे भाग, टायर सगळं ऑक्टोबर संपायच्या आत शेडमध्ये हवं. टायर परदेशातून येतात. त्यांचे पैसे आधी भरायचे, तेही डॉलरचा त्या दिवशी जो भाव असेल त्याने, वर सीमाशुल्क. नोंदणीची फी तर त्याच्याही आधी.

आता आमच्या भागातला पैसा बघा. बागायतदाराच्या हातात पैसा येतो तो मे-जूनमध्ये, वाशीच्या दलालाकडून पट्टी आली की. ऑगस्ट-सप्टेंबरात तोच माणूस कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून कलमांना देतात ते औषध) आणि खतांच्या खर्चात असतो, नोव्हेंबर-डिसेंबरात मोहोरावरच्या फवारण्यांत, आणि कित्येकदा दलालाची उचलही डोक्यावर असते. बोटवाल्याची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. ऑगस्टात बोट पाण्यात ढकलायची तर पहिला मासा जाळ्यात येण्याआधी डिझेल, बर्फ, जाळ्यांची डागडुजी आणि खलाशांची उचल. तो खर्च वळता व्हायला दिवाळी उजाडते. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांचा हंगाम नाताळात आणि मेमध्ये.

म्हणजे आम्हाला जेव्हा पैसा लागतो, तेव्हा ज्यांच्याकडे मागायचा त्या सगळ्यांचे खिसे एकाच वेळी रिकामे असतात. माझ्या पहिल्या वर्षी, २०१६ मध्ये, आम्ही ऑक्टोबरात पावसपासून जयगडपर्यंत दारोदार फिरलो. लोकांनी पाटावर बसवलं, चहा दिला, कोकम सरबत दिलं. पैसे देणं त्यांना खरंच शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच घरांत गेलो. दाखवायला गाडी नव्हती, नुसती चित्रं होती, तरी बहुतेकांनी दिले.

तेव्हापासून आमचा हंगाम मेमध्ये सुरू होतो. जमलेली रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात वेगळ्या शीर्षाखाली राहते आणि सप्टेंबरपर्यंत तिला हात लावायचा नाही. हा नियम पाळणं सोपं नाही. जुलैत कुणीतरी हमखास म्हणतं, नवा ग्राइंडर घेऊया का.

फॉर्म्युला वनच्या संघांना तरी ही अडचण नसेल ना?

असते. तिथे तर माणसांच्या नोकऱ्या जातात.

मॅनॉर नावाचा एक छोटा इंग्लिश संघ होता, आधी मारुसिया नावाने ओळखला जाणारा. २०१४ मध्ये मोनॅकोला जुल्स बियांकीने त्यांना नववा क्रमांक आणि २ गुण मिळवून दिले. संघाच्या इतिहासातले ते पहिले गुण. त्याच ऑक्टोबरात सुझुकाच्या पावसात बियांकीला जीवघेणा अपघात झाला, महिना संपायच्या आत संघ दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला आणि शेवटच्या तीन शर्यतींना उतरूच शकला नाही. पण त्या २ गुणांमुळे वर्षाच्या तक्त्यात तो नववा राहिला, बक्षिसाच्या रकमेवर त्याचा हक्क लागला आणि २०१५ मध्ये संघ परत उभा राहिला. बियांकी त्या जुलैत गेला. त्याने मिळवलेल्या दोन गुणांवर शेकडो माणसांची चूल पेटली, हे मला अजून विसरता येत नाही.

पुढचं जास्त दुखतं. २०१६ मध्ये पास्कल वेअरलाइनने ऑस्ट्रियात १ गुण मिळवला आणि मॅनॉर दहाव्या जागी बसला. तेव्हा पहिल्या दहांनाच बक्षिसाचा वाटा होता. १३ नोव्हेंबरला ब्राझीलमध्ये धो धो पाऊस, आणि त्यात साउबरचा फेलिपे नासर नववा आला. साउबरला २ गुण, मॅनॉर अकरावा. जानेवारी २०१७ मध्ये संघ बंद पडला, दोनशेहून जास्त माणसं घरी गेली. मी ती शर्यत शेडमध्ये बसून पाहिली होती.

यामागची रचना समजून घ्या. बक्षिसाचा पैसा मागच्या वर्षीच्या क्रमांकावर ठरतो आणि पुढच्या वर्षी हप्त्यांनी मिळतो. गाडी मात्र मधल्या हिवाळ्यात बनवावी लागते. मोठ्या संघामागे मोटार कंपनी असते, तिला ते तीन-चार महिने जाणवतही नाहीत. लहान संघ नेमका त्याच महिन्यांत बुडतो.

इटलीतल्या फाएन्झा गावचा मिनार्डी संघ असाच २१ हंगाम टिकला. ३४० शर्यती, मिळून ३८ गुण, व्यासपीठावर एकदाही नाही. पण फर्नांडो अलोन्सो पहिल्यांदा उतरला तो त्यांच्याच गाडीतून, २००१ मध्ये. २००५ अखेर रेड बुलने तो संघ घेतला, आणि २००८ मध्ये फाएन्झातल्याच त्या संघाने मॉन्झाची शर्यत जिंकली, सेबास्टियन फेटेल चालक असताना. मोठमोठ्या संघांची नावं पाठ असलेल्या आमच्या पोरांना मी मिनार्डीबद्दल मुद्दाम सांगतो.

फोर्स इंडिया आपलाच होता ना? तो का गेला?

नाव आणि मालकी भारतीय, कारखाना इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला. मूळचा तो जॉर्डन संघ. त्याच संघातून २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन पहिला भारतीय म्हणून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. जॉर्डनचा मिडलँड, त्याचा स्पायकर आणि २००८ मध्ये फोर्स इंडिया झाला. या संघाचं कौतुक करावं तेवढं थोडं, कारण फार मोठा खर्च न करता २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं तो चौथा आला. म्हणजे काम उत्तम चाललं होतं, आणि तरीही जुलै २०१८ मध्ये संघ प्रशासकाकडे गेला. त्यासाठी न्यायालयात अर्ज केला खुद्द त्यांचा चालक सर्जिओ पेरेझने. संघ कायमचा मोडीत निघण्यापेक्षा प्रशासकाने तो चालता ठेवून विकावा, हा त्यामागचा हेतू. ४०५ नोकऱ्या वाचल्या. नव्या मालकाच्या संघाला शून्य गुणांपासून सुरुवात करावी लागली आणि तरी तो वर्षअखेर सातवा आला.

चांगलं काम करणाऱ्याला पैसा आपोआप मिळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

खर्चावर सरळ मर्यादाच का घालत नाहीत?

फॉर्म्युला वनमध्ये २०२१ पासून घातली आहे, पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर. चालकांचा पगार त्यात धरत नाहीत. २०१० साली आलेल्या तीन नव्या संघांना अशाच मर्यादेची आशा दाखवली होती, ती तेव्हा आलीच नाही, आणि आज त्या तिघांपैकी एकही नाही. आमच्या स्पर्धेत अशी मर्यादा नाही, पण खर्चाच्या मांडणीचे गुण आहेत. स्वस्त आणि विचारपूर्वक बनवलेल्या भागाचा तिथे उपयोग होतो, आणि आम्हाला तो झाला आहे.

रोख वर्गणी का घेत नाही? चाकरमान्यांकडून तर पूर्वी घ्यायचात.

घ्यायचो. २०१६ च्या गणपतीत गाडीची जुनी चौकट रंगवून मांडवाशेजारी उभी केली होती. मुंबईहून आलेल्यांनी मनापासून पैसे दिले, बहुतेक पाचशेच्या नोटांत. टायरची बाकी, टर्नरचे पैसे आणि टेंपोचं भाडं त्यातून द्यायचं ठरलं होतं, म्हणून ते कपाटातच ठेवले. ८ नोव्हेंबरच्या रात्री त्या नोटा बंद झाल्या.

पैसे बुडाले नाहीत, पावत्या होत्या, सगळी रक्कम बँकेत भरता आली. पण रांगेत दिवस गेले, काढण्यावर मर्यादा होती, आणि समोरचा टर्नरही अडकलेला. त्याला दोष कसा देणार? साधारण तीन आठवडे काम थांबलं. ब्राझीलची ती शर्यत याच आठवड्यातली. रात्री साडेनऊला आम्ही सात-आठजण अर्धवट गाडीभोवती बसून मॅनॉर अकराव्या जागी घसरताना पाहत होतो. कुणीच काही बोललं नाही.

त्या तीन आठवड्यांची किंमत जानेवारीत कळली. गाडी पळवून बघायला आम्हाला जेमतेम चार दिवस मिळाले. एंड्युरन्स ही सर्वांत जास्त गुणांची फेरी, सुमारे २२ किलोमीटरची. तिच्या मध्यावर चालक बदलतो आणि इंजिन बंद करावं लागतं. आमचं तापलेलं इंजिन पुन्हा सुरूच झालं नाही. थंड इंजिन शंभरदा सुरू केलं होतं, गरम इंजिन बंद करून परत सुरू करायला वेळ मिळालाच नव्हता. दोष किरकोळ निघाला, परत आल्यावर एका दुपारीत सुधारला.

आता एक रुपयासुद्धा खात्यातूनच घेतो, पावतीसह.

आंबा बागायतदाराने तुम्हाला का द्यावे? त्याला काय मिळतं?

खरं उत्तर असं की विक्रीत फारसा फरक पडत नाही. गाडीवर बागेचं नाव लावतो, पण कोइमतूरच्या मैदानावर ते वाचणारे इतर महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि परीक्षक असतात, पेटी घेणारं गिऱ्हाईक नव्हे. आम्ही कुणालाही याहून जास्त सांगत नाही. काही देणगीदारांच्या बागेतले फवारणीचे पंप आणि ग्रास कटर मुलं मेमध्ये दुरुस्त करून देतात. हे आम्ही देण्याच्या बदल्यात करत नाही, न देणाऱ्यांचेही करतो. एका बागायतदार काकांनी सांगितलं होतं, "पोरं इथेच काहीतरी करतायत, मुंबई गाठायची घाई नाही, म्हणून देतो." त्यांच्या या शब्दाची जबाबदारी आमच्यावर मोठी आहे.

कंपन्यांच्या सीएसआरमधून एकरकमी का घेत नाही?

प्रयत्न केला. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पण आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. गाडीवर नाव लावून घ्यायचं असेल तर तो खर्च कंपनीच्या जाहिरातीचा. शिक्षणासाठी म्हणून, नावाची अपेक्षा न ठेवता, शेडला यंत्र देता येईल का, हे महाविद्यालयामार्फत विचारता येतं. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मागू नका. ती चूक आम्ही केली आणि पत्र परत आलं.

पैसे नाहीत, पण काम किंवा वस्तू दिली तर चालेल?

चालेल म्हणजे काय, संघ त्यावरच उभा आहे.

गाडीचं वरचं कवच आम्ही फायबरचं बनवतो, आणि फायबर या किनाऱ्यावर जितकं कळतं तितकं फार थोड्या ठिकाणी कळत असेल. मिरकरवाड्याजवळ बोटींचं फायबरकाम करणारे एक काका आहेत. आमचा पहिला मोल्ड बघून त्यांनी मान हलवली. आम्ही पावसाळ्यात काम काढलं होतं, दमट हवेत रेझिन नीट धरलंच नव्हतं. त्यांनी मॅटचे थर कसे द्यायचे, हार्डनर किती घालायचा, रोलरने हवा कशी काढायची हे शिकवलं. म्हणाले, "रेझिनचे पैसे तेवढे आणा, मजुरीचं मागाहून बघू." मजुरी त्यांनी आजवर घेतलेली नाही.

पण त्यांचंही वेळापत्रक आहे. जून-जुलैत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते. नारळी पौर्णिमा झाली की जायचं. ऐन कामात त्यांच्याकडे गेलेल्या मुलांना मी रागावलो आहे.

आंबा वाहणारे टेंपो जानेवारीत बऱ्यापैकी मोकळे असतात. रत्नागिरी ते कोइमतूर हजार किलोमीटरहून जास्त अंतर, आंबा घाट चढून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत. एक टेंपोमालक फक्त डिझेल आणि चालकाचा भत्ता घेतात. गाडी पेंढ्यात आणि जुन्या गाद्यांत बसवतो, हापूसच्या पेटीसारखी. आजवर एक ओरखडाही आलेला नाही. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपने रात्री आठनंतर लेथ वापरायला दिली आहे.

या सगळ्यांची नोंद वहीत बाजारभावाने होते. पैसे न घेता केलेलं कामही आपल्यावरचं देणंच आहे, हे नव्या मुलांना वही वाचूनच कळतं.

कबूल केलेले पैसे आलेच नाहीत तर?

झालं आहे. एका कंपनीने तोंडी मोठी रक्कम कबूल केली, आम्ही गाडीच्या दोन्ही बाजूंना त्यांचं नाव रंगवलं, आणि डिसेंबरात कळलं की यंदा जमणार नाही. नाव खरवडून काढलं त्या रात्री आमची एक कनिष्ठ मुलगी रडली. त्यानंतर दोन नियम केले. खात्यात आल्याशिवाय रक्कम वहीत चढवायची नाही, आणि खर्चाचा आराखडा असा करायचा की सर्वांत मोठा देणगीदार फिरला तरी गाडी, हळू का होईना, स्पर्धेला पोहोचेल.

पालकांनी किती घालायचे?

संघासाठी काहीही नाही. मुलाचा स्वतःचा प्रवास आणि जेवण एवढंच, तेही शक्य नसेल तर मला येऊन सांगा, दुसऱ्या कुणाला कळणार नाही. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांचीच मुलं गाडीला हात लावतील, असा संघ आम्हाला नको. सर्वांत चांगला वेल्डिंग करणारा मुलगा आमच्याकडे आला तो खलाशाच्या घरातून.

पैसे जमेनात तर एखादं वर्ष थांबलात तर काय बिघडेल?

हा प्रश्न महाविद्यालयातूनही आला आहे, आणि विचारणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण आमच्याकडे माणसं चार वर्षं असतात. पहिल्या वर्षी बघतात, दुसऱ्या वर्षी हात लावतात, तिसऱ्या वर्षी बनवतात, चौथ्या वर्षी शिकवतात. एक हंगाम गेला की ज्यांनी बनवलं ते शिकवायच्या आत बाहेर पडतात. नळीला खाच कशी घ्यायची, ब्रेकची नळी कशी मोकळी करायची, काकांकडे कधी जायचं, यातलं थोडंच कागदावर असतं. म्हणून पैसे कमी असतील त्या वर्षी आम्ही साधी गाडी बनवतो. जुनं इंजिन, गेल्या वर्षीचे टायर, पंख वगैरे काही नाही. एका वर्षी अशीच गाडी नेली. ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं एकदम अडकली पाहिजेत, ती अडकली, गाडी ६० अंशांत कलवली तेव्हा तेलाचा थेंब सांडला नाही, आणि एंड्युरन्स पूर्ण केली. चालक बदलला तेव्हा इंजिन पहिल्या दाबाला सुरू झालं. त्या वर्षी आम्ही कुठलंही बक्षीस आणलं नाही, पण त्या संघातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनीच पुढच्या दोन गाड्या बनवल्या.

हिशोब कुठे बघायला मिळेल?

शेडच्या दाराला आतल्या बाजूने लावलेला असतो, दर महिन्याला नवा. देणगीदार असा वा नसा, येऊन बघा. संध्याकाळी सहानंतर कुणी ना कुणी असतंच. पावसाळ्यात आलात तर चपला बाहेर काढू नका, आत फरशीवर लोखंडाचा कीस असतो. आणि घरी वापरात नसलेली गादी असेल तर जानेवारीआधी आणून द्या.